शेपूट नसलेला म्यू

सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी ताईने घरच्या ग्रुपवर बाळाचा फोटो टाकला आणि दहा वाजून एकोणीस मिनिटांनी बाळाचं नाक कोणावर गेलंय यावरून घरात दोन तट पडले.

बाळ माझ्या भाचीचं, म्हणजे ताईच्या मुलीचं. मुलगी. वय अकरा दिवस, वजन एक किलो सहाशे ग्रॅम, मुदतीच्या सात आठवडे आधी न सांगता आलेली. नळ्या, चिकटपट्ट्या आणि टोपी वजा केली तर फोटोत बाळ असं फारसं उरत नव्हतं. पण नाक दिसत होतं. ताईचं म्हणणं, नाक सरळसरळ आपल्याकडचं आहे. भावजींनी लिहिलं, ‘आपल्याकडचं म्हणजे कोणाकडचं, ते आधी ठरवा.’ मग पंच म्हणून मला नेमण्यात आलं. एक तर मी मामा, आणि दुसरं म्हणजे माझा धंदाच मोजमापाचा.

मी त्याच इस्पितळाच्या संख्याशास्त्र विभागात आलेख काढतो. सव्वीस वर्षं काढतोय. निष्कर्ष काढतात ते आमच्या मॅडम. मी त्या निष्कर्षांना आडवा आणि उभा अक्ष लावून देतो. भाचीला इथे मीच आणलं होतं. ‘आपली ओळख आहे’ असं तिला म्हणालो होतो. ओळख म्हणजे लिफ्टवाला मला कुठे जायचंय ते विचारत नाही, इतपत.

नाक नीट बघावं म्हणून मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. बोटं जरा जास्त ताणली गेली, नाक बाजूला सरकलं आणि त्याच्या जागी मागची भिंत आली. भिंतीवर नवाकोरा, प्लास्टिकच्या आवरणातला तक्ता. माझा. आडव्या अक्षावर बाळाचं वजन, उभ्या अक्षावर हृदयाच्या औषधाची मात्रा, मधून जाणारी निळी रेघ. आधी मला बरंच वाटलं. रंग छान उठले होते. मग मी उभ्या अक्षावरचा मजकूर वाचला.

‘मात्रा, mg/kg’.

मी चष्मा पुसला. फोनची काच पुसली. दोन्ही स्वच्छ होते.

तिथे µg हवं होतं. पहिलं अक्षर ग्रीक, त्याला म्यू म्हणतात, डावीकडे खाली शेपूट असतं. µg म्हणजे मायक्रोग्रॅम. mg म्हणजे मिलिग्रॅम. दोन्हींत फरक एका शेपटाचा आणि हजारपटीचा.

हे औषध बाळाचं हृदय जरा सावकाश, नेटकं चालावं म्हणून देतात. जास्त झालं तर ते हृदयाला इतकं सावकाश करतं, की पुढे मोजायला काही राहत नाही. आमच्या बाळाला ते दिवसातून दोनदा, अकराच्या ठोक्याला. डॉक्टर कागदावर आकडा लिहीत नाहीत. ते लिहितात, ‘तक्त्याप्रमाणे.’

भिंतीवरच्या घड्याळात दहा चोवीस झाले होते.

मी माझ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. µg. शेपटासकट, ठळक, दिमाखात. म्हणजे मी चुकलो नव्हतो. हा दिलासा साधारण चार सेकंद टिकला, कारण भिंतीवर माझा कॉम्प्युटर टांगलेला नव्हता.

तळमजल्यावरच्या मुद्रण कक्षात फोन लावला. तिथल्या गृहस्थांना सगळे ‘सेटिंग’ म्हणतात. प्रिंटर जळाला तरी ते म्हणतात, ‘सेटिंगचं असेल, बघतो.’

‘परवा मी तक्ता पाठवला होता, बाळांच्या औषधाचा. तो उघडा जरा.’

‘छापून दिला की काल! चार वाजता दोन प्रती. एक वॉर्डात लावली, एक औषधखोलीत. जुने फाडून टाकले.’

‘फाडून टाकले?’

‘पिवळे पडले होते हो. तपासणी समिती येणार आहे ना.’

‘उघडा तुम्ही. उभ्या अक्षावर काय लिहिलंय?’

माउसचे आवाज आले. ‘मात्रा. मग एम, जी, तिरकी रेघ…’

‘एमला शेपूट आहे का?’

पलीकडे माउस थांबला. मग सांभाळून विचारलेला प्रश्न, ‘साहेब, बरं वाटतंय ना?’

‘डाव्या बाजूला, खाली. शेपूट.’

‘अहो, एमला शेपूट कशाला असेल? दोन कमानी आहेत. एबीसीडीतला एम आहे, चांगला.’

मी खुर्चीवरून उठलो.

झालं होतं ते असं. आलेख काढायचं आमचं सॉफ्टवेअर ग्रीक अक्षरं नेहमीच्या फॉन्टमधून घेत नाही. त्यासाठी ते आपणहून ‘सिम्बॉल’ नावाचा वेगळा फॉन्ट धरतं. याला डिफॉल्ट म्हणतात. डिफॉल्ट म्हणजे कोणीही न ठरवता ठरून गेलेली गोष्ट, आमच्या घरात सगळे झोपल्यावर दाराची कडी बघायला मीच उठतो, तशी. या सिम्बॉल फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर ग्रीक मंडळी बसवलेली आहेत. a च्या जागी अल्फा, b च्या जागी बीटा, m च्या जागी म्यू. पण फाइल तयार होते तेव्हा तिच्यात म्यूचं चित्र जात नाही. नुसती चिठ्ठी जाते: सिम्बॉल फॉन्ट उघडा, m ची जागा बघा, तिथे असेल ते छापा. माझ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता. मुद्रण कक्षात गेल्या महिन्यात नवे कॉम्प्युटर आले, वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे, त्यांच्याकडे तो नव्हता. अशा वेळी कॉम्प्युटरने निदान एखादा रिकामा चौकोन छापावा. चौकोन बघून माणूस थबकतो, शिव्या देतो, फोन करतो. पण हा कॉम्प्युटर फारच मनमिळाऊ निघाला. त्याने हाताशी होता तो साधा फॉन्ट उघडला, m ची जागा बघितली आणि तिथला m सुबकपणे छापून दिला. ना कुरकुर, ना सूचना.

फाइल परक्या कॉम्प्युटरवर जाणार असेल तर फॉन्ट तिच्या पोटात घालून पाठवा, असं सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मी ते आठ वर्षांपूर्वी वाचलं होतं. मला पटलंही होतं.

‘ऐका,’ मी सेटिंगना म्हणालो, ‘आत्ताच्या आत्ता औषधखोलीत जा आणि तो तक्ता काढा. फाडा. खाऊन टाका. पण भिंतीवर ठेवू नका.’

‘लेखी द्याल का?’

‘माझ्या भाचीचं बाळ आहे तिथे.’

‘निघालो,’ सेटिंग म्हणाले. फोन खाली ठेवायचं भान त्यांना राहिलं नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आणि धावत्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. त्या आवाजाने मी अधिकच घाबरलो. सव्वीस वर्षांत सेटिंग धावल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

वॉर्डात फोन लावला. वाजत राहिला. भाचीला लावला. तिथे फोन आत ठेवू देत नाहीत. फोटो काढून झाला की बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. म्हणजे तिचा फोन एका पत्र्याच्या कप्प्यात, बाकीच्या आयांच्या फोनांशेजारी, थरथरत असणार. औषधखोलीचा नंबर एंगेज.

दाराकडे वळलो तर दारात मॅडम.

‘बरं झालं भेटलात. ते अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणाचे आलेख—’

‘मॅडम, बाळांच्या तक्त्यावर मायक्रोचं मिलि छापलं गेलंय.’

मॅडमचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नाहीत. पण तीस वर्षांच्या नोकरीने त्यांचं मन घाबरलं की आधी मसुद्याकडे धावतं.

‘लगेच शुद्धिपत्रक काढू या,’ त्या म्हणाल्या. ‘विषय: तक्त्यातील एककाबाबत. “चूक” हा शब्द नको. “सुधारित एकक” म्हणा. प्रत माहितीसाठी कोणाकोणाला—’

‘अकरा वाजता डोस आहे, मॅडम.’

‘म्हणजे आपल्याकडे किती वेळ आहे?’

‘सोळा मिनिटं.’

त्यांनी क्षणभर विचार केला. ‘तुम्ही जा. मी मसुदा करते.’ आणि मी निघालो तेव्हा मागून हाक आली, ‘अहो, पळा!’

आमचा विभाग चौथ्या मजल्यावर, नवजात कक्ष सहाव्यावर. जिना घ्यायला हवा होता. पण लिफ्ट समोरच उघडी होती आणि घाबरलेला माणूस उघड्या दारात शिरतो. मी आत शिरलो, लिफ्टवाल्याने माझ्याकडे आपुलकीने बघितलं, दार लावलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

‘वर! वर जायचंय!’

‘पावणेअकरा,’ तो म्हणाला. ‘चहा नाही आज?’

रोज पावणेअकराला मी चहाला खाली जातो. सव्वीस वर्षांत मी त्याला एकदाही तसं सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. लिफ्ट आपल्या संथ लयीत तिसरा, दुसरा, पहिला असे दिवे लावत खाली गेली. तळमजल्यावर दार उघडलं. एक चाकांची खुर्ची आत आली, तिच्यावर एक आजोबा, त्यांच्यामागे सून, सुनेच्या हातात डबा. आजोबांना तिसऱ्यावर उतरायचं होतं. त्यांना घाई नव्हती. मी मनात आकडेमोड करत होतो. रेघेवर एक किलो सहाशेच्या वर चार. चार गुणिले एक पूर्णांक सहा, सहा पूर्णांक चार. सहा पूर्णांक चार मायक्रोग्रॅम म्हणजे काही नाही, सुईच्या टोकावर दिसणार नाही इतकं. सहा पूर्णांक चार मिलिग्रॅमने अख्ख्या वॉर्डातली हृदयं थांबली असती. असं कोणी देणार नाही, मी स्वतःला सांगत होतो. कोणीतरी बघेलच. मग आठवलं, की तक्ता पाठवताना मीही हेच म्हणालो होतो: छापताना कोणीतरी बघेलच.

‘घामाघूम झालेत हे,’ आजोबा सुनेला म्हणाले. ‘यांना बसू दे माझ्या खुर्चीत.’

सहाव्या मजल्यावर पोचलो तेव्हा दहा बावन्न झाले होते.

नवजात कक्षाला दोन दारं आहेत, मध्ये हात धुवायची जागा. मी पहिलं दार ढकललं. आतून सिस्टर आल्या. उंच, पन्नाशीच्या, आवाज अजिबात न चढवता माणसाला जागच्या जागी थांबवणाऱ्या.

‘बूट.’

‘सिस्टर, ऐका—’

‘बूट काढा, हात धुवा. कोपरापर्यंत, दोन मिनिटं. मग ऐकते.’ आणि दुसरं दार लागलं.

काचेतून आत दिसत होतं. दिव्यांखाली पेट्या, पेट्यांत बाळं. तिसऱ्या पेटीशी माझी भाची स्टुलावर बसलेली, पेटीच्या भोकातून आत एक बोट घातलेलं, आणि ते बोट कोणीतरी धरलेलं. पेटीशेजारी स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये एक बारीक सिरिंज, भरलेली, नावाची चिठ्ठी लावलेली.

मी काचेवर हात आपटला. ‘सिस्टर! एम नाही! म्यू! तो म्यू आहे!’

सिस्टर काचेजवळ आल्या. ‘काय?’

‘म्यू! म्यू!’

त्यांनी शेजारच्या नर्सकडे बघितलं. ओठांवरून मला कळलं: ‘मांजर म्हणतायत का हे?’ नर्सने खांदे उडवले आणि खरोखर खाली वाकून पायाशी बघितलं.

शेवटी मी बूट काढले, हात साबणाखाली धरले. भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ होतं. दोन मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. हात धुवत होतो तेवढ्यात आतली नर्स ट्रे उचलून पेटीजवळ गेली. मी साबणाच्या हातांनी कोपराने दार ढकललं आणि आत शिरलो. वॉर्डाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत असावं, कारण सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या. नर्सही वळली. तिच्या हातात सिरिंज होती.

‘ते देऊ नका,’ मी म्हणालो. ‘तक्ता चुकलाय. तो मी केलाय. तिथे मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम आहे.’

भाची स्टुलावरून अर्धवट उठली. पण बोट तिने बाहेर काढलं नाही.

सिस्टर माझ्यापर्यंत आल्या. रागावल्या नाहीत, हे जास्त भीतिदायक होतं. ‘औषध आम्ही मोजत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘खालून भरून येतं. आम्ही नाव आणि वेळ बघतो.’

‘किती भरलंय?’

त्यांनी नर्सच्या हातातून सिरिंज घेतली, उजेडात धरली. ‘शून्य पूर्णांक चौसष्ट मिली.’

मी भिंतीला टेकलो. हसूच यायचं बाकी होतं. अर्ध्या मिलीपेक्षा थोडं जास्त! हजारपट चुकलं असतं तर त्या सिरिंजच्या जागी बादली हवी होती. म्हणजे खाली कोणीतरी शहाणं माणूस होतं, त्याने तक्त्याकडे बघितलंच नव्हतं, आपल्या नेहमीच्या सवयीने भरलं होतं. ‘मग ठीक आहे,’ मी म्हणालो. ‘मग बरोबर असेल.’

‘असेल?’ सिस्टर म्हणाल्या.

एवढ्या एका शब्दाने माझ्या पाठीवरचा घाम गार झाला.

‘एका मिलीत किती असतं या औषधाचं?’ मी विचारलं.

नर्सने कपाटातून रिकाम्या कुपीचं खोकं आणलं आणि वाचलं. तिथे शब्दांत लिहिलेलं होतं, त्या कंपनीचे लोक माझ्यापेक्षा हुशार होते. ‘एका मिलीत शंभर मायक्रोग्रॅम.’

मी तळहातावर बोटाने गुणाकार केला. बोट ओलं होतं, आकडे दिसत होते आणि लगेच वाळत होते. शून्य पूर्णांक चौसष्ट गुणिले शंभर. चौसष्ट मायक्रोग्रॅम. हवे होते सहा पूर्णांक चार.

हजारपट नव्हतं. दसपट होतं. हजारपट चूक वेडगळ दिसते, कोणीही तिला दारातच थांबवतं. दसपट चूक मात्र अगदी शहाण्यासारखी दिसते, एका कुपीत बसते, चिठ्ठी लावून ट्रेमध्ये येते.

‘दहापट आहे,’ मी म्हणालो.

सिस्टरनी सिरिंजला टोपण घातलं आणि ती आपल्या खिशात ठेवली. कोणाच्याही हाताला लागू नये म्हणून. मग टेबलावरचा फोन स्पीकरवर लावून औषधखोलीत फिरवला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

‘तीन नंबरच्या बाळाचं कोणी भरलं?’

‘मी, सिस्टर.’ तरुण, तरतरीत आवाज. गेल्या सोमवारी रुजू झालेल्या फार्मासिस्ट बाई. ‘हे मुद्रणवाले काका आत्ता इथे आलेत आणि तक्ता फाडतायत. मी म्हटलं त्यांना, मला माहितीये तो चुकलाय ते.’

‘माहिती होतं?’ मी फोनवर ओणवा झालो.

‘हो ना. मिलिग्रॅमने हिशोब केला तर चौसष्ट कुप्या होत होत्या! एवढ्या आमच्याकडे नाहीतच. मग लक्षात आलं, दशांशचिन्ह दोन घरं चुकलंय छापताना. मोठ्या माणसाला पाव मिलिग्रॅम देतात, बाळाला त्याचा चौथा हिस्सा बरोबर वाटतो. शंभराने भागलं, आणि एका कुपीत बसलं.’ आवाजात किंचित अभिमान होता. ‘मी दुरुस्त करून घेतलं.’

पेट्यांची यंत्रं आपापल्या लयीत टिकटिकत होती. तक्ता चुकल्याचं या इस्पितळात फक्त तिच्या लक्षात आलं होतं, आणि तेवढ्यानेच बाळ मेलं असतं.

‘अहो बाई,’ सिस्टर अगदी हळू म्हणाल्या, ‘विचारायचं होतं की.’

‘सगळे कामात असतात,’ पलीकडचा आवाज एकदम लहान झाला. ‘का? चुकलं का माझं?’

सिस्टर माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता रागावतील. पण त्यांनी विचारलं, ‘तक्ता कधी लागला?’

‘काल चार वाजता.’

‘काल रात्री अकराचा डोस मग कोणी भरला?’

मी सकाळच्या अकराच्या मागे धावलो होतो. रात्रीचे अकरा माझ्या ध्यानातच आले नव्हते. ते औषध दिलेलं होतं. बाळाच्या आत होतं. त्याच्यापुढे धावता येत नव्हतं.

‘रात्रपाळीला दुसरे असतात,’ फोनवरचा आवाज रडवेला झाला होता. ‘ते घरी गेले.’

सिस्टरनी वही उघडली, नंबर शोधला. त्या फिरवत असताना भाचीने मला विचारलं, ‘मामा, काय झालंय?’ मी यंत्राकडे बघत होतो. हिरव्या आकड्यांत बाळाच्या हृदयाचे ठोके: एकशे बेचाळीस. मग एकशे अडतीस. मग एकशे छत्तीस. मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलोय, तीन बिंदूंवरून रेघ काढू नका. मी रेघ काढली. ती खाली जात होती.

फोन वाजत राहिला. सातव्या घंटीला झोपेतला जड आवाज आला.

‘काल रात्री अकराला तीन नंबरच्या बाळाचं किती भरलंत?’

‘कोण बोलतंय?’

‘सहावा मजला.’

‘सिस्टर तुम्ही होय… वहीत लिहिलंय बघा.’

‘वही खाली आहे. तुम्ही सांगा. नव्या तक्त्यावरून भरलंत का?’

‘नवा तक्ता?’ लांबलचक जांभई. आकडे एकशे पस्तीस झाले. ‘कुठला नवा तक्ता?’

‘भिंतीवरचा.’

‘तो होय. रंगीत. मी नाही बघत तक्ता-बिक्ता. परवा जेवढं भरलं तेवढंच काल. पातळ करून, सहा पूर्णांक चार मायक्रो. वजन बदललं की तुम्ही कळवता, मग बघू म्हटलं. का हो?’

‘झोपा,’ सिस्टर म्हणाल्या.

आठ वर्षं मी त्या तक्त्याची रेघ सुधारत आलो होतो. जाडी, रंग, अक्षांवरच्या खुणा. रात्रपाळीच्या माणसाने ती एकदाही बघितली नव्हती, आणि त्या बेपर्वाईबद्दल मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. यंत्रावर एकशे एक्केचाळीस आलं. मला उगाचच राग आला त्या आकड्याचा.

डॉक्टर आले, त्यांना सांगितलं, त्यांनी बाळ तपासलं आणि पहिल्यांदाच कागदावर ‘तक्त्याप्रमाणे’ खोडून आकडा लिहिला. पुढे शब्दांत: मायक्रोग्रॅम. सिस्टरनी भिंतीवरचा तक्ता उतरवला, उलटा केला आणि जाड मार्कर माझ्या हातात दिला.

‘लिहा. हाताने. एकेका वजनाला किती, ते सगळं.’

मी लिहिलं. ‘मायक्रोग्रॅम’मधला ‘ग्रॅ’ मला दोनदा गिरवावा लागला. सिस्टरनी वाचलं, नर्सने वाचलं, डॉक्टरांनी वाचलं आणि तिघांनी मोठ्याने आकडा म्हटला. खालून नवी सिरिंज आली. घेऊन स्वतः फार्मासिस्ट बाई आल्या होत्या, डोळे सुजलेले, दारापाशीच थांबल्या. अकरा चाळीसला औषध नळीतून आत गेलं. सिस्टर ते अतिशय सावकाश ढकलत होत्या.

‘मामा,’ त्या न बघता म्हणाल्या, ‘श्वास सोडा. तुम्हाला उचलायला इथे कोणी मोकळं नाही.’

मग मी भाचीला बाहेर बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. फॉन्ट, चिठ्ठी, शेपूट. मी आठ वर्षांपूर्वी वाचलेली सूचनाही सांगितली. तिने मध्ये काही विचारलं नाही. ती लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून जुन्या आलेखांच्या पाठीवर चित्रं काढायची, तेव्हाही अशीच गप्प असायची.

‘तो तक्ता तू केलेला, हे मी आत सगळ्यांना सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘शेजारच्या बाळाच्या आईलाही. माझ्या मामाने केलाय, म्हटलं, काळजी करू नकोस.’

मी बोटावरची मार्करची शाई पुसत राहिलो. मग तिनेच विचारलं,

‘त्या बाळाला हे औषध आहे का?’

‘नाही. सिस्टरनी बघितलं. इथे फक्त आपल्याच बाळाला आहे.’

‘इथे,’ ती म्हणाली. हाताच्या बोटाकडे बघत होती, मघाशी बाळाने धरून ठेवलेल्या. ‘आणि बाकी कुठे पाठवतोस तू?’

‘काय?’

‘आलेख. फक्त इथेच लावतात का?’

बाहेरच्या इस्पितळांना पाठवतो. प्रयोगशाळांना. पाणी तपासणाऱ्यांना, किरणोत्सर्ग मोजणाऱ्यांना. मागतील त्यांना. फाइल जोडून ‘सोबत पाहावे’ असं लिहून.

‘बऱ्याच ठिकाणी,’ मी म्हणालो.

‘मग इथे काय बसलायस, मामा?’

मी जिन्याने उतरलो. मॅडमनी शुद्धिपत्रकाचा मसुदा टेबलावर ठेवला होता. पहिल्या ओळीत ‘चूक’ हा शब्द होता, खोडलेला, आणि त्यावर पुन्हा लिहिलेला. मी पाठवलेल्या फाइलींची यादी उघडली. आठ वर्षं. ज्यांच्यात कुठेतरी म्यू आहे अशा वेगळ्या काढल्या. चारशे बारा. ज्या कॉम्प्युटरांवर त्या उघडल्या गेल्या असतील ते मी बघितलेले नव्हते, त्यांत कुठले फॉन्ट होते हे मला ठाऊक नव्हतं, आणि सगळे तक्ते कुठल्या भिंतींवर आहेत हे तर कोणालाच ठाऊक नसणार. यादीत पहिलं नाव दुसऱ्या गावातल्या एका लहान इस्पितळाचं होतं. सहा वर्षांपूर्वीची फाइल. भुलीच्या औषधाची मात्रा.

मी फोन लावला. एका बाईंनी उचलला.

‘नमस्कार. तुमच्याकडे शस्त्रक्रियेच्या खोलीत एक आलेख लावलेला असेल. निळी रेघ.’

‘आहे ना,’ त्या म्हणाल्या. ‘फार उपयोगी पडतो हो. रोज बघतात सगळे.’

‘त्याच्या उभ्या अक्षावर काय लिहिलंय, ते मला वाचून दाखवाल? एकेक अक्षर.’

‘आत्ता? आत शस्त्रक्रिया चालू आहे.’

‘आत्ता,’ मी म्हणालो. ‘आत जाऊन.’

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. पावलं दूर गेली. एक दार उघडलं, आणि ते परत लागायची मी वाट बघत राहिलो.